कलिन्याच्या घराचा माळा

मैत्रिणींनो, मुंबईला जाऊन आलेली बाई सहसा काय सांगते? चौपाटी, राणीची बाग, दादरच्या साड्या आणि लोकलमधली गर्दी. मी मात्र आज तुम्हाला सांताक्रूझची हकीगत सांगणार आहे, आणि तीही एका माळ्याची. हसू नका. माळा म्हणजे नको असलेल्या वस्तू फेकायची जागा, असं आपण समजतो. मीही तसंच समजत होते.

गेल्या चैत्रात मावशीचा फोन आला. "माळ्याचं काम काढलंय, चार दिवस ये. सामान खाली उतरवायला माणूस हवंय, आणि मुलाला माझ्या पसाऱ्यातलं काही कळत नाही." मग काय, नाशिकहून सकाळची पंचवटी पकडली, दादरला उतरले आणि पश्चिमेच्या धिम्या गाडीत बसले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, की आलं सांताक्रूझ. पश्चिमेला उतरलात तर बाजार, एस. व्ही. रोड आणि पुढे जुहूकडे जाणारे रस्ते. पूर्वेला उतरलात तर वाकोला आणि कलिना. मावशी पूर्वेची.

सांताक्रूझ हे नाव पोर्तुगीज. 'पवित्र क्रूस' असा त्याचा अर्थ. पण सरकारी दप्तरात वाकोला-कलिना भागाचं गाव अजून 'कोले कल्याण' म्हणूनच नोंदलेलं आहे. कल्याण नावाचं एकच गाव मला ठाऊक होतं, म्हणून मावशीच्या घराच्या कागदावर हे वाचून पहिल्यांदा मी चक्रावलेच होते. गावठाणात शिरलं की रस्ता एकदम अरुंद होतो. दोन्ही बाजूंना ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची जुनी घरं, एखाद्या घराला बाहेरून चढणारा लाकडी जिना, वळणावर फुलांची माळ घातलेला क्रूस. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा असे कितीतरी क्रूस गावठाणांतून उभे राहिले. हे लोक इथले मूळचे, घरात मराठीच बोलतात, फक्त त्यांची मराठी आपल्याहून वेगळी. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला, त्या सुमारास त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं.

डोक्यावरून मात्र दर थोड्या वेळाने विमान जातं. इतकं खालून, की बोलणं अर्धवट थांबवावं लागतं. मावशी तर वाक्याच्या मध्येच थांबते, विमान जाऊ देते आणि पुढचा शब्द उच्चारते! विमानतळ शेजारी असल्यामुळे या भागात फार उंच इमारती बांधता येत नाहीत. म्हणून असेल कदाचित, पण काही जुनी बैठी घरं अजून तग धरून आहेत. मावशीचं घर त्यांतलंच. विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आणि कौलांखाली कडीपाटाचा माळा. मंगलोरी कौलं म्हणजे बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला ज्यांचा कारखाना काढला, ती. मावशीच्या कौलांवर कोणता छाप आहे हे बघायला मी मान वर केली, तर डोळ्यात धूळच पडली.

आता कडीपाट म्हणजे काय, हे नव्या मुलींसाठी सांगते. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत समांतर लाकडी कड्या टाकायच्या आणि त्यांवर फळ्या ठोकायच्या. खालून बघाल तर ते छत, वरून बघाल तर ती जमीन. मावशीच्या पुढच्या खोलीवरचा माळा अकरा फूट बाय चौदा फूट. अकरा फुटांच्या कड्या, प्रत्येक अडीच इंच रुंद, पाच इंच उंच, दर दीड फुटावर एक. लाकूड सागाचं. सासऱ्यांच्या वेळचं आहे, तेव्हा कोणी वजनाचा हिशेब केला नव्हता. गणपतीचं मखर, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आणि पावसाळ्यासाठी गोवऱ्या एवढंच वर जायचं.

मग काम काढलं कशाला, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी २६ जुलै २००५ ची गोष्ट सांगायला हवी.

तो मंगळवार होता. दुपारी पाऊस धरला तो थांबेचना. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच वेळी दक्षिणेला कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर! म्हणजे फोर्टातल्या कचेऱ्यांत बसलेल्यांना कल्पनासुद्धा नव्हती की घरी काय चाललंय. विहार आणि पवई तलावांचं जादा पाणी घेऊन येणारी मिठी नदी विमानतळाला वळसा घालून कलिना, कुर्ल्याकडून माहीमच्या खाडीला मिळते. त्या दिवशी खाडीला भरती, नदीला पूर, आणि वाकोल्याचा नाला उलटा फिरलेला. पुढे शासनाने माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, नदीचं पात्र रुंद करण्याची कामं झाली. पण ते सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी मावशीच्या घरात पाणी आधी उंबऱ्याला लागलं, मग पलंगाला, आणि दिवेलागणीला कमरेच्या वर. तांदळाचा डबा तरंगायला लागला तेव्हा मावसोबा म्हणाले, "चला, वर." मावशी, मावसोबा, दोन मुलं, आणि शेजारच्या आंटी त्यांच्या म्हाताऱ्या सासूला आणि दोन मुलींना घेऊन. आठ माणसं! शिवाय एक मांजर. अंधारात सगळी माळ्याच्या मध्यभागी दाटीवाटीने बसली. थोड्या वेळाने खालून 'कट्' असा आवाज आला. मावशी म्हणते, "तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो." शिडीच्या तोंडाजवळची कडी तडकली होती. मावसोबा एकदम ओरडले, "कडेकडेने बसा! भिंतीला पाठ लावून!" मग सगळी चारी बाजूंनी भिंतींना टेकून बसली, मधली जागा रिकामी ठेवून, आणि सकाळपर्यंत कोणी मधे आलं नाही. आंटींच्या सासूबाई रात्रभर जपमाळ ओढत होत्या आणि मावशी रामरक्षा म्हणत होती.

मावसोबांना काही बांधकामाचं शिक्षण नव्हतं, पण त्यांचं बोलणं अगदी शास्त्राला धरून होतं. कडीवर तेच वजन मधोमध ठेवलं तर ती सर्वांत जास्त वाकते, टोकाशी ठेवलं तर भिंतच ते पेलते. 'कडेकडेने' या एका शब्दावर ती आठ माणसं तरली.

पूर ओसरला, चिखल काढला, गाद्या फेकल्या. घरातलं जे खाली होतं ते गेलं. रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, लग्नाचे फोटो. वर होतं तेवढं राहिलं, म्हणजे मखर आणि बरण्या! मावशी सांगताना हसते, पण डोळे पुसते. तेव्हापासून मावसोबा दर वर्षी म्हणायचे, यंदा माळा नीट करू. तडकलेल्या कडीला त्यांनी तात्पुरती पट्टी ठोकली होती. ते 'यंदा' काही आलं नाही. आता मावसोबा नाहीत. मुलगा ठाण्याला फ्लॅटमध्ये राहतो. "या जुन्या घरात कशाला पैसे घालतेस, ये की माझ्याकडे," हे त्याचं पालुपद. मावशीने त्याला एकच उत्तर दिलं, "पावसाळ्याच्या आधी काम होईल का, तेवढं सांग." पंचाहत्तरीच्या बाईपुढे पोरगा काय बोलणार!

आता कामाचं सांगते, कारण तुमच्यापैकी कोकणात, घाटावर, जुन्या वाड्यांत राहणाऱ्या पुष्कळजणी असतील.

मावशीने आधी सुतार बोलावला नाही, ते बरं केलं. तिच्या ओळखीतली एक मुलगी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, तिला बोलावलं. ती आली ती टॉर्च, दोरी आणि एक जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन. दोन भिंतींमधे कडीच्या खालून दोरी ताणून धरली. मधोमध कडी दोरीच्या खाली सव्वा इंच उतरलेली! याला झोळ पडणं म्हणतात. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक कडी ठोकत गेली. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, आतून पोखरलेलं बद्द वाजतं. कड्या बहुतेक चांगल्या निघाल्या, पण भिंतीत गेलेली दोन टोकं वाळवीने खाल्लेली होती. तिथे टोक रुतवलं तर बोटभर आत गेलं. लाकूड मधे सडत नाही, भिंतीत सडतं, कारण ओल तिथे असते आणि वारा नसतो. तुमच्या घरी तपासाल तेव्हा टोकं आधी बघा.

मी तिला विचारलं, "एवढ्या जाड कड्या, मग वाकल्या कशा?" तिने भाच्याच्या दप्तरातली फूटपट्टी मागितली. दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मधे बोट दाबलं, पट्टी लगेच वाकली. मग तीच पट्टी धारेवर उभी धरून दाबलं, तर ढिम्म हलेना. मैत्रिणींनो, हा प्रयोग घरी करून बघाच. कडीची रुंदी दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पट होतो, पण उंची दुप्पट केली तर आठपट! पाच इंचांची कडी नुसती सहा इंच उंच असती तरी ती पावणेदोन पट ताठ झाली असती. कडी नेहमी उभी का ठेवतात, याचं उत्तर मला इतक्या वर्षांनी एका फूटपट्टीने दिलं.

सुतारमिस्त्रींचं म्हणणं होतं की मधोमध एक तुळई टाकून खाली दोन खांब उभे करावेत. अकरा फुटांचे साडेपाच फूट झाले की कड्या दगडासारख्या होतील. ते खरंच होतं, आणि स्वस्तातही पडलं असतं. पण एक खांब बरोबर गणपती बसवायच्या जागी येत होता. "गणपतीसमोर खांब? मुळीच नाही," मावशी म्हणाली आणि विषय संपला. मग ठरली जोडकडी. म्हणजे जुनी कडी तशीच ठेवून तिच्या कुशीला नवी कडी बोल्टांनी आवळायची. नवी कडी दोन इंच जाड आणि सहा इंच उंच. वरची पातळी दोघींची एक, खाली नवी इंचभर उतरलेली. इंजिनियर मुलीच्या हिशेबाने या जोडीचा ताठपणा जुनीच्या जवळजवळ अडीचपट होतो.

लाकूड आणायला मीही गेले. जुन्या इमारती पाडल्या की त्यांचं सागवान ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात मिळतं, नवं हवं तर रे रोडची लाकूडबाजारपेठ आहे. आम्ही जुनं घेतलं. जुनं लाकूड पूर्ण वाळलेलं असतं, पुढे पिळत नाही. पण त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात आणि पूर्वीच्या खाचा असतात. मधोमध खाच असलेली कडी दुकानदार कितीही गोड बोलला तरी घेऊ नका. मोठी गाठ खालच्या कडेला असेल तर तीही नको. वाकताना खालची बाजू ताणली जाते, आणि लाकूड गाठीपाशीच तडकतं. त्या रात्रीची कडी गाठीपाशीच गेली होती, हे फळ्या उचलल्यावर दिसलं.

कामाला आठ दिवस लागले. पहिले तीन दिवस नुसतं उचलण्यात. झोळ पडलेल्या कड्यांखाली आडवी फळी, तिच्याखाली स्क्रूजॅकचे टेकू, आणि रोज सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे आटे. मी म्हटलं, एकदमच का नाही उचलत? मिस्त्री म्हणाले, "बाई, म्हाताऱ्या माणसाची पाठ एकदम सरळ करून बघा!" सव्वा इंचातला अर्ध्याहून थोडा जास्त झोळ गेला, बाकी राहू दिला. मग वरच्या फळ्या खुणांचे आकडे घालून काढल्या, भिंतीतली प्रत्येक खोबण इंचभर खोल केली, एका बाजूला जरा लांब ठेवली, म्हणजे नवी कडी तिरकी आत सारून परत मागे ओढता येते. टोकांना डांबर, बाकी कडीला वाळवीचं औषध, खोबणीत वाऱ्याला थोडी फट. बोल्ट अर्ध्या इंचाचे, दर दोन फुटांवर, एक वर एक खाली असे नागमोडी, आणि दोन्ही बाजूंना रुंद वायसर. नुसत्या खिळ्यांवर भागवू देऊ नका. दोन कड्या एकमेकींवर घसरल्या तर त्या जोडकड्या राहत नाहीत, दोन वेगळ्याच कड्या होतात. शेवटी कड्यांच्या मधे ठोकळे बसवले, म्हणजे एकीवर भार आला की शेजारच्याही हात देतात. तडकलेल्या कडीला दोन्ही कुशींना नवी, आणि सडलेल्या दोन टोकांशी सडका भाग कापून नव्या कडीवरच सगळा भार. वाळवीसाठी भिंतीलाही औषध मारलं ते वेगळं.

विजेची जुनी वायर एका कडीला लाकडी पट्टीतून गेली होती. ती आधी काढायला लावली, नाहीतर गिरमिट तिच्यातूनच जायचं! आणि घर भाड्याचं असेल, किंवा भिंत शेजाऱ्याशी सामायिक असेल, तर काम काढण्यापूर्वी मालकाला, शेजाऱ्याला आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारून घ्या. मागाहून भांडण्यापेक्षा ते बरं.

फ्लॅटमधल्या मैत्रिणी म्हणतील, आम्हाला याचा काय उपयोग? तुमच्या स्वयंपाकघरावरचा किंवा न्हाणीघरावरचा लॉफ्ट बघा. ती पातळ सिमेंटची फळी असते, आत लोखंडी सळ्या. खालच्या बाजूला सळीच्या रेषेत चीर किंवा तांबूस डाग दिसला, तर सळी गंजून फुगते आहे असं समजा. तिथे वर रंगाचा हात मारून उपयोग नाही. सामान उतरवा आणि जाणकाराला दाखवा.

आता वजनाचं. राहत्या खोलीच्या जमिनीला दर चौरस मीटरमागे सुमारे २०० किलो भार धरावा, असा आपल्याकडच्या मानकाचा दंडक आहे. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण तीन फूट लांब, दीड फूट रुंद पत्र्याची ट्रंक पुस्तकांनी भरलीत, तर तिचं वजन शंभर किलोंच्या वर जातं आणि ती अर्धा चौरस मीटरही जागा व्यापत नाही. म्हणजे मर्यादा ओलांडलीच. आणि पाण्याचा दोनशे लिटरचा पिंप? त्याच्या बुडाखाली हा भार तिपटीहून अधिक होतो. माळ्यावर पाण्याचा पिंप ठेवूच नये. मावशीची तांब्या-पितळेची भांडी भिंतीला लागून दोन ओळींत लावली, पुस्तकं दोन छोट्या पेट्यांत वाटून समोरासमोरच्या कोपऱ्यांत, हलकं सामान त्यांच्या पुढे.

लावताना आमचं थोडं वाजलंच. मावशीला लोणच्याच्या भरलेल्या बरण्याही वर हव्या होत्या. वैशाखात कौलांखाली हात लावून बघा म्हटलं, भाकरी भाजेल. तिथे लोणचं, तूप, औषधं काही टिकत नाही. आंटींनीही तेच सांगितलं. त्यांचा बॉटल मसाला उन्हाळ्यात कुटून गडद तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात, त्या बाटल्या त्या खाली अंधाऱ्या फडताळात ठेवतात. मखर, जास्तीची अंथरुणं, लोकरीचे कपडे आणि मोठी पातेली वर गेली. कागदपत्रांना प्लास्टिकची झाकणबंद पेटी, तिच्यात कापराच्या वड्या, आणि पेटी जमिनीवर न ठेवता दोन पाटांवर, कारण शाकारणी कितीही चांगली केली तरी एखादं कौल सरकतंच. घराचे कागद, बँकेची पासबुकं, आधारकार्डांच्या प्रती, मावसोबांचा एकुलता एक वाचलेला फोटो, सगळं त्या पेटीत. वाचला कसा? तो आंटींच्या भिंतीवर, त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या फोटोत, उंचावर टांगलेला होता. त्यातूनच नवा करून घेतला.

उभी शिडी काढून तिथे कठडा लावलेला रुंद पायऱ्यांचा जिना बसवला. एवढ्यासाठी मावशीने सोन्याची एक बांगडी मोडली, असं मुलाने मला हळूच सांगितलं. मावशीने मला ते सांगितलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही.

सगळं लावून झालं तरी मधली आठ फूट बाय सहा फूट जागा रिकामीच होती. मी म्हटलं, "मावशी, इथे ती गाद्यांची वळकटी तरी ठेवू." तिने मानेनेच नाही म्हटलं. स्वतः वर चढून तिथे एक चटई पसरली, टॉर्च, काडेपेटी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि बिस्किटांचा डबा ठेवला. "एवढी माणसं मावतील ना गं?" तिने मला विचारलं. मी मोजलं. दहा मावतील म्हटलं.

मी परत नाशिकला आले. आषाढात टीव्हीवर मिलन सबवेत पाणी भरल्याची बातमी दिसली, तशी घाईघाईने फोन केला. मावशी वरच होती, चहाचा पेला घेऊन. "पाणी आहे का गं दारात?" "छे, पायरीच्या खालीच आहे. उगीच आले बसायला." मग विमान गेलं म्हणून ती थांबली, आणि पुढे म्हणाली, "पूर्वी वर मांजर चाललं तरी कड्या बोलायच्या. आता मी चालते तरी गप्प. करमत नाही बघ."